फॉरवर्डरच्या दारापर्यंत चोख, पुढे अंधार : अमेरिकी लष्करी विक्रीचे माल-ट्रॅकिंग कसे आहे

अमेरिकी सरकारकडून फॉरेन मिलिटरी सेल्स, म्हणजे एफएमएस, या मार्गाने शस्त्रे आणि सुटे भाग घेणाऱ्या देशांना माल कुठवर आला ते पाहण्यासाठी एक सेवा मिळते. तिचे नाव एन्हान्स्ड फ्रेट ट्रॅकिंग सिस्टिम, थोडक्यात ईएफटीएस. ती सिक्युरिटी कोऑपरेशन इन्फर्मेशन पोर्टलच्या आत चालते. या पोर्टलला सगळे 'स्किप' म्हणतात आणि ते पेंटागॉनच्या डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन एजन्सीचे, म्हणजे डीएससीएचे आहे. वापरासाठी वेगळे बिल येत नाही. माझे मत आधीच सांगतो: सेवा कामाची आहे, वापरलीच पाहिजे, पण तिच्या भरवशावर राहून चालणार नाही. माल अमेरिकी डेपोतून निघाला की फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पुढे पाठवण्यासाठी ग्राहक देशाने नेमलेल्या खासगी कंत्राटदाराच्या, गोदामापर्यंतचे चित्र बऱ्यापैकी खरे असते. तिथून बोटीवर किंवा विमानात चढून तुमच्या देशात उतरेपर्यंतचा भाग बहुतेक वेळा कोरा असतो. तो भरून घ्यायचा की नाही हे ग्राहक देशाच्या हातात आहे.

आत शिरण्यापासून सुरुवात करू. परदेशी वापरकर्त्याला टोकन लागते. प्रत्येक देशाचा एक टोकन प्रशासक नेमलेला असतो, टोकन त्याच्यामार्फतच मिळते आणि कोणाला काय दिसावे हेही तिथूनच ठरते. अडचण तांत्रिक नसते, माणसांची असते. अधिकारी बदलून जातो, टोकन टेबलाच्या खणात राहते, नव्या माणसाच्या नावाने अर्ज जायला महिने लागतात, आणि बराच काळ लॉगिन न केल्याने खातेही बंद पडते. म्हणून एका विभागात किमान दोन चालू खाती ठेवा. शिवाय फॉरवर्डरलाही खाते मिळू शकते, ते काढायला लावा. याचे कारण पुढे येईल.

ईएफटीएस स्वतः काहीही मोजत नाही. पेटीवर जीपीएस नाही, नकाशावर सरकणारा ठिपका नाही. डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीच्या डेपोंची गोदाम यंत्रणा, कंत्राटदार जिथे रिसीव्हिंग रिपोर्ट, म्हणजे माल दिल्याचा अहवाल, भरतात ते वाइड एरिया वर्कफ्लो, हवाई आणि सागरी तळांवरच्या लष्करी वाहतूक यंत्रणा, अशा ठिकाणी जी नोंद झाली ती इथे एकत्र दिसते. नोंद उशिरा झाली तर इथेही उशिरा, झालीच नाही तर इथे काहीच नाही. त्यामुळे 'माहिती नाही' असे दिसले की त्याचे दोन अर्थ होतात, माल निघालेला नाही किंवा निघाला पण कोणी नोंदवला नाही. कोणता अर्थ खरा, हे कळायला मागणी क्रमांक वाचता आला पाहिजे.

हा मागणी क्रमांक १४ अक्षरांचा असतो आणि त्यात जवळपास सगळी कुंडली असते. पहिले अक्षर सेनादलाचे: बी म्हणजे अमेरिकी लष्करामार्फतची केस (एका करारपत्राखालच्या खरेदीला केस म्हणतात), डी हवाई दल, पी नौदल. पुढची दोन अक्षरे देशाची. चौथे अक्षर तुमच्या देशात माल कोणासाठी आहे ते सांगते, याला 'मार्क फॉर' म्हणतात. पाचवे अक्षर डिलिव्हरी टर्म कोड, म्हणजे अमेरिकी सरकार माल कुठपर्यंत पोहोचवणार ते. सहावे साहाय्याच्या प्रकाराचे. मग चार आकडी तारीख: वर्षाचा शेवटचा आकडा आणि वर्षातला कितवा दिवस. ५१२३ म्हणजे २०२५ चा १२३ वा दिवस, ३ मे. शेवटचे चार आकडे अनुक्रमांक. वर्षाचा एकच आकडा असल्याने ५१२३ हे २०१५ मध्येही येऊन गेलेले असते. म्हणून दहा वर्षांहून जुन्या केसेस चालू असतील तर नुसत्या मागणी क्रमांकावर शोध घेऊ नका, तीन अक्षरी केस डेझिग्नेटर, म्हणजे त्या केसची खूण, सोबत द्या. नाहीतर जुन्या टायरची पावती नव्या रडारच्या भागावर चिकटते.

माल निघताना त्याला १७ अक्षरी ट्रान्सपोर्टेशन कंट्रोल नंबर, टीसीएन, मिळतो. साध्या प्रकरणात तो म्हणजे हेच १४ अक्षरी आणि पुढे तीन जागा. पंधरावी प्रत्यय-अक्षराची, सोळावी मूळ ठिकाणाहूनच तुकड्यांत निघालेल्या मालासाठी, सतरावी वाटेत फुटलेल्या मालासाठी. काही नसेल तिथे एक्स. ही तीन अक्षरे दुर्लक्षून चालत नाहीत. ४० नगांची मागणी डेपोने २५ आणि १५ अशी दोनदा पाठवली, तर टीसीएन दोन होतात. शोधताना पूर्ण १७ अक्षरे टाकली की एकच खेप दिसते आणि कारकून '१५ कमी आले' अशी तक्रार लिहून मोकळा होतो. शोध नेहमी पहिल्या १४ अक्षरांवर घ्या आणि जेवढ्या ओळी येतील त्यांची बेरीज मागणीशी ताडून पाहा.

माल निघण्याआधीची अवस्था ईएफटीएसमध्ये नाही, स्किपच्या केस माहितीच्या भागात पाहावी लागते. तिथे बीबी दिसला तर माल शिलकीत नाही, मागणी रांगेत आहे. बीव्ही म्हणजे खरेदीचे कंत्राट झाले, माल कारखान्यातून थेट येणार. बीए म्हणजे डेपोत माल काढण्याचे काम सुरू. बीव्ही दिसणाऱ्या प्रत्येक ओळीवर वेगळी खूण करा, कारण पुढचा सगळ्यात मोठा घोळ याच ओळींत होतो.

डिलिव्हरी टर्म कोड हा एलओए, म्हणजे विक्रीचे मूळ करारपत्र, सही करतानाच ठरतो आणि ट्रॅकिंग किती मिळणार तेही तिथेच ठरते. ४ असेल तर माल मूळ ठिकाणावरून ग्राहकाने उचलायचा. ५ असेल तर अमेरिकी सरकार अमेरिकेतल्या फॉरवर्डरपर्यंत आणून देते. ८ असेल तर बंदरावर जहाजात चढवून. ९ मध्ये परदेशी बंदरात उतरवून. ७ मध्ये परदेशातल्या आतल्या ठिकाणापर्यंत. ८, ९ आणि ७ मध्ये माल डिफेन्स ट्रान्सपोर्टेशन सिस्टिममधून, म्हणजे लष्करी वाहतूक साखळीतून जातो, त्यामुळे टप्प्याटप्प्याच्या नोंदी आपोआप पडतात. दारूगोळा आणि स्फोटके याच वाटेने, उत्तर कॅरोलायनातल्या सनी पॉइंटसारख्या लष्करी बंदरावरून निघतात आणि त्यांचा माग तुलनेने नीट लागतो. सुट्या भागांचा नेहमीचा माल मात्र ५ वर चालतो. वाहतुकीचे शुल्क कमी, फॉरवर्डर आपल्या पसंतीचा, म्हणून देशांना तो आवडतो. त्याची किंमत म्हणजे गोदामाच्या पलीकडचा अंधार.

आता नोटीस ऑफ अव्हेलेबिलिटी. जड, मोठा किंवा धोकादायक माल तयार झाला की पाठवण्याआधी फॉरवर्डरला डीडी १३४८-५ या फॉर्मवर कळवतात: माल तयार आहे, कुठे पाठवू? कळवायचे की नाही आणि वाट पाहायची की नाही हे ऑफर रिलीज कोड ठरवतो. ए असेल तर न विचारता माल निघतो. वाय असेल तर नोटीस जाते आणि १५ दिवसांत उत्तर आले नाही तर माल निघतोच. झेड असेल तर उत्तर येईपर्यंत हलत नाही. झेड सुरक्षित वाटतो म्हणून काही देश सरसकट तोच मागतात, आणि मग फॉरवर्डरच्या इनबॉक्समध्ये नोटीस पडून राहते, डेपोत माल पडून राहतो, साठवणुकीचा खर्च ग्राहकावर येतो. माझा सल्ला: सुट्या भागांना ए, गोदामात एकदम जागा लागेल अशा मोठ्या खेपांना वाय, आणि झेड फक्त गोपनीय किंवा स्फोटक मालाला. नोटीस कोणत्या पत्त्यावर जाते हे दरवर्षी तपासा.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर मॅपॅडवर थांबू, कारण ट्रॅकिंगच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथे सापडते. मॅपॅड ही लष्करी विक्रीच्या ग्राहकांच्या पत्त्यांची अमेरिकी निर्देशिका. मागणीत पूर्ण पत्ता लिहिलेला नसतो, संकेत असतो. मागणीच्या पूर्ण नोंदीतल्या ४५ ते ५० या सहा जागांत सेनादल, रिलीज कोड, फॉरवर्डर कोड आणि केस डेझिग्नेटर बसतात, आणि त्यावरून डेपोची यंत्रणा मॅपॅडमधला पत्ता उचलते. एकाच फॉरवर्डरचे तिथे अनेक पत्ते असतात: १ क्रमांकाचा छोट्या पार्सलसाठी, २ चा मोठ्या फ्रेटसाठी, ३ चा नोटिशीसाठी, एम म्हणजे देशातला अंतिम पत्ता, आणि गोपनीय मालाचे आणखी वेगळे. फॉरवर्डर बदलला किंवा त्याने गोदाम हलवले की देशाने बदल कळवायचा असतो. बहुतेक वेळा फ्रेटचा पत्ता बदलतात आणि पार्सलचा विसरतात. मग १५० पौंडांखालचे खोके, म्हणजे बहुधा महागडी इलेक्ट्रॉनिक कार्डे, जुन्या गोदामात जातात, तिथला कोणीतरी सही करून घेतो, आणि ईएफटीएसवर स्वच्छ 'पोहोचले' दिसते. बदल केला तरी आधीच छापलेल्या लेबलांचा माल जुन्याच पत्त्यावर जातो, म्हणून जुन्या फॉरवर्डरच्या करारात हस्तांतरणानंतर काही महिने माल स्वीकारून पुढे पाठवण्याची अट हवीच.

बीव्हीच्या ओळींकडे वळू. डेपोतून निघालेल्या पेटीवर डीडी १३४८-१ए हे कागद आणि मिल-स्टँडर्ड-१२९ प्रमाणे लष्करी लेबल असते, त्यावर टीसीएन, केस क्रमांक, मार्क फॉर आणि बारकोड. कारखान्यातून थेट आलेल्या पेटीवर हे सगळे असायला हवे, प्रत्यक्षात पुष्कळदा नुसते कुरिअर कंपनीचे लेबल असते. आत कंत्राटदाराची स्वतःची पॅकिंग लिस्ट, त्यावर कारखान्याचा भाग क्रमांक, मागणी क्रमांक कुठेच नाही. फॉरवर्डरच्या माणसाला कळत नाही हा माल कोणत्या देशाच्या कोणत्या केसचा. तो खोका बाजूच्या पट्ट्यात जातो, जिथे अशा मालाला 'फ्रस्ट्रेटेड' म्हणतात. कागद सापडेपर्यंत तो तिथेच. इकडे कंत्राटदाराने रिसीव्हिंग रिपोर्ट भरला असेल तर केस मॅनेजर, म्हणजे केस सांभाळणारा अमेरिकी अधिकारी, पैसे मोजून बसतो, कारण त्याच्या दृष्टीने डिलिव्हरी झाली.

यावर उपाय कंत्राट लिहिताना करता येतो. केस मॅनेजरला एलओएच्या टप्प्यावरच लेखी सांगा की थेट पुरवठ्याच्या कंत्राटांत मिल-स्टँडर्ड-१२९ ची अट, बाहेरच्या बाजूला केस क्रमांक, आणि माल निघण्याच्या दिवशीच रिसीव्हिंग रिपोर्ट भरण्याची अट घाला, आणि त्या रिपोर्टात कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक टाकायला लावा. लाकडी पेट्यांवर आयएसपीएम-१५ ची उष्णता-प्रक्रियेची खूण आहे का हेही बघायला सांगा, कारण ती नसेल तर पेटी तुमच्या बंदरावर अडते आणि तोपर्यंत जहाज निघून गेलेले असते.

फॉरवर्डरबद्दल थोडे सविस्तर. तो ग्राहक देशाचा खासगी कंत्राटदार असतो, अमेरिकी सरकारचा नव्हे. तो माल घेतो, मोजतो, एकत्र करतो, डीएसपी-९४ हा निर्यातीचा फॉर्म आणि एलओए यांच्या आधारे निर्यातीची कागदपत्रे करतो, अमेरिकी कस्टम्सच्या यंत्रणेत निर्यात नोंदवतो आणि जहाजाची जागा घेतो. ईएफटीएसमध्ये त्याला पावतीची आणि पुढच्या प्रवासाची नोंद करता येते. पण नोंद कर असे कोणी सांगितलेच नसेल तर तो का करेल? त्याला पैसे वजनावर आणि खेपेवर मिळतात. म्हणून निविदेतच लिहा: माल आल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पावतीची नोंद, निघाल्यावर बिल ऑफ लेडिंग (जहाजाची माल-पावती) किंवा एअर वेबिल (विमानाची) क्रमांकासह पुढची नोंद, फ्रस्ट्रेटेड मालाची दर आठवड्याला यादी फोटोंसह, आणि नोंदी न केल्यास बिलातून कपात. हे कलम नसलेला फॉरवर्डर स्वस्त पडतो, पण मालाचा शोध घेण्यात वाचवलेले पैसे परत जातात. काही फॉरवर्डरांची स्वतःची पोर्टले ईएफटीएसपेक्षा सुबक आहेत. दिसायला छान, तरी सरकारी नोंद वेगळीच राहते आणि तक्रार करताना कामी येते ती सरकारी नोंद.

तक्रार म्हणजे सप्लाय डिस्क्रेपन्सी रिपोर्ट, एसएफ ३६४. इथे घड्याळ चालू असते. मालकी हक्क सहसा माल मूळ ठिकाणाहून निघतानाच ग्राहकाकडे जातो, वाहतूक अमेरिकी सरकारची असली तरीसुद्धा. वाटेत हरवले तर नुकसान ग्राहकाचे, म्हणून विमा काढायचा की धोका स्वतः घ्यायचा ते आधी ठरवा. मालकी हस्तांतरण किंवा बिल, यांपैकी जे नंतरचे त्यापासून एक वर्षात तक्रार पोहोचली पाहिजे, आणि २०० डॉलर किंवा त्याहून कमी किमतीच्या तुटीची तक्रार घेत नाहीत. समुद्रमार्गे आलेला माल फॉरवर्डरकडे चार महिने, जहाजावर दोन, बंदरावर एक आणि युनिटच्या भांडारात न उघडता पाच महिने राहिला, की वर्ष संपले. ईएफटीएसचा खरा उपयोग मला इथे दिसतो: निघाल्याची तारीख पक्की मिळते, तिथून घड्याळ मोजता येते.

पण कोणताही ट्रॅकिंग पडदा पेटीच्या आत पाहू शकत नाही, आणि याचे सर्वांत गंभीर उदाहरण एफएमएसच्याच इतिहासात आहे. तैवानने हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या मागवल्या होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये यूटातील हिल हवाई तळावरच्या डेपोतून चार पेट्या निघाल्या, त्यांत बॅटऱ्यांऐवजी मिनिटमन आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या नाकाचे फ्यूझ भाग होते. त्या पेट्या मार्च २००५ मध्ये वायोमिंगच्या एफ. ई. वॉरन तळावरून तिथे आल्या होत्या आणि अगोपनीय मालात ठेवल्या गेल्या होत्या. चुकीचा माल आल्याचे तैवानने कळवले, तरी नेमके काय गेले ते मार्च २००८ पर्यंत उमगले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी हवाई दलाचे सचिव आणि प्रमुख या दोघांना जावे लागले. प्रवासाच्या नोंदीत यात काहीच वावगे दिसले नसते: चार पेट्या निघाल्या, चार पोहोचल्या. म्हणून पेटी उघडून राष्ट्रीय साठा क्रमांक पाटीवरून वाचणे, अनुक्रमांक लिहून घेणे आणि न जुळल्यास त्याच दिवशी कळवणे, याला पर्याय नाही. रात्रदृष्टी उपकरणे आणि स्टिंगर क्षेपणास्त्रांसारख्या वस्तूंचे अनुक्रमांक तर अंतिम वापराच्या तपासणीसाठी पुढे वर्षानुवर्षे मागितले जातात, तेव्हा ते पहिल्याच दिवशी नोंदवा.

वाट चुकण्याचे उदाहरण २०१४ चे. स्पेनमधल्या सरावासाठी नेलेले हेलफायरचे निकामी प्रशिक्षण क्षेपणास्त्र परतीच्या प्रवासात पॅरिसमार्गे थेट क्युबाला पोहोचले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये परत मिळाले. ती एफएमएसची खेप नव्हती, पण साखळी तशीच होती, एका फॉरवर्डरकडून दुसऱ्याकडे माल सोपवण्याची. एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या त्या जागेवर नोंद व्हायला हवी, तिथेच ती होत नाही.

भारताशी याचा संबंध जवळचा आहे. सी-१७, एमएच-६०आर हेलिकॉप्टरे, एम७७७ तोफा हे सगळे एफएमएसमधून आले. १४५ एम७७७ तोफांचा करार नोव्हेंबर २०१६ चा, आणि ९ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांतल्या पहिल्या काही नाशिकजवळच्या देवळालीत समारंभपूर्वक दाखल झाल्या. अशा तोफांचे सुटे भाग पुढची अनेक वर्षे लहान लहान पेट्यांतून येत राहतात, आणि ट्रॅकिंगची परीक्षा तिथेच होते. मुंबईत संरक्षण खात्याच्या आयात मालाची सोडवणूक एम्बार्केशन हेडक्वार्टर्स करते. त्यांच्या टेबलावर बिल ऑफ लेडिंग, पॅकिंग लिस्ट आणि केस क्रमांक जहाज लागण्याआधी आला तर माल सुटतो, नंतर आला तर डेमरेज, म्हणजे माल बंदरात अडकल्याचा आकार, सुरू होते. फॉरवर्डरची पुढच्या प्रवासाची नोंद वेळेवर हवी ती मुख्यतः यासाठी.

अमेरिकी बाजूची जबाबदारी यातून सुटत नाही. माल येत असल्याची आगाऊ आणि अचूक माहिती वकिलातींतल्या सुरक्षा सहकार्य कार्यालयांना मिळत नाही, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने, जीएओने, २०१२ मध्येच मांडले होते. त्याच जीएओने २०१९ मध्ये दाखवले की ग्राहकांकडून घेतलेल्या वाहतूक शुल्काच्या खात्यातली शिल्लक २००७ ते २०१८ या काळात १,३०० टक्क्यांहून अधिक वाढून सुमारे ६८ कोटी डॉलरवर गेली. ग्राहकांनी दिलेला पैसा एवढा पडून असताना कंत्राटदाराच्या खोक्यावर एक सक्तीचे लेबल लागत नाही, हे मला पटत नाही. मागण्या तीनच आहेत आणि अवघड नाहीत: थेट पुरवठ्यात लेबल नसेल तर कंत्राटदाराचे पैसे रोखा, कुरिअरचे क्रमांक ईएफटीएसमध्ये आपोआप ओढा, आणि निघून ३० दिवसांत फॉरवर्डरची पावती न दिसणाऱ्या खेपेची सूचना ग्राहकाला स्वतःहून पाठवा.

ही सूचना मिळेपर्यंत ती यादी हाताने काढावी लागते. दर सोमवारी केसनिहाय निघालेल्या सर्व टीसीएनची यादी उतरवून घ्या, शेजारी फॉरवर्डरची पावतीची यादी ठेवा, १४ अक्षरांवर जुळवा. न जुळलेल्या ओळींचे तीन ढीग होतात. ३० दिवसांच्या आतल्या ओळी सोडून द्या. ३० ते ९० दिवसांच्या ओळींसाठी फॉरवर्डरकडून फ्रस्ट्रेटेड मालाचे फोटो मागवा, निम्म्याहून अधिक पेट्या तिथेच सापडतात. ९० दिवसांपुढच्या ओळींसाठी केस मॅनेजरकडे डिलिव्हरीचा सहीचा पुरावा मागा, त्यावर कोणत्या पत्त्यावर कोणी सही केली ते पाहा, आणि पत्ता जुना निघाला तर आधी मॅपॅड दुरुस्त करा, मग एसएफ ३६४ भरा. उलट क्रमाने केले तर बदली मालही त्याच जुन्या गोदामात जातो.